तुमचा मेलँकोलिक रेंजर नुसता बघत का उभा राहतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ऐरोलीहून दर शनिवारी वाशीला मित्राकडे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळायला जाता. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, १७३७ सालच्या साष्टीवर स्वतःचं कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी गोष्ट) रचलंय: ठाण्यात पोर्तुगीज, खाडीपलीकडे कळव्याला मराठे, आणि तुम्ही सगळे अलीकडे-पलीकडे करणारे हेर. तुमचं कॅरेक्टर रायाजी, मिठागरातला रेंजर, म्हणजे वाटा आणि माग काढणारा वाटाड्या. त्याचा भाऊ ठाण्याच्या किल्ल्याच्या बांधकामावर वेठीला धरून नेला, तो परत आला नाही. तुम्ही चार स्वभावांची टेस्ट रायाजी बनून सोडवलीत, उत्तर मेलँकोलिक आलं, त्यावरून तीन पानी बॅकस्टोरी लिहिलीत. आणि आता दर प्रसंगी तुमच्या तोंडून एकच वाक्य निघतं, ‘मी मागे उभा राहून बघतो.’ बाकीचे वैतागलेत, तुम्हालाही मजा येत नाहीये. टाइप बदलू, की चार सोडून सोळा प्रकारांतलं एखादं नेमकं प्रोफाइल घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. ठाण्यात मी बरीच वर्षं डीएम म्हणून या खेळाची टेबलं चालवतोय आणि माझ्याकडे येणाऱ्या नव्या खेळाडूंपैकी निम्म्यांचं हेच होतं. टाइप चुकीचा नसतोच, त्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. तुम्ही मेलँकोलिक म्हणजे ‘उदास’ असं धरलंत. उदास हा मूड झाला. मूड खेळायला घेतला की कॅरेक्टर एका जागी बसतं, कारण मूडला पुढे कुठे जायचंच नसतं.

मग स्वभाव म्हणजे काय? मूळ कल्पना ग्रीक वैद्यकातली. शरीरात रक्त, पिवळं पित्त, काळं पित्त आणि कफ असे चार रस. ज्याचा जोर जास्त, तसा माणूस. दुसऱ्या शतकात गॅलेनने ही मांडणी स्वभावांशी जोडली. त्यातून सँग्विन, कोलेरिक, मेलँकोलिक, फ्लेग्मॅटिक ही चार नावं आली. वैद्यक म्हणून ते कधीच मोडीत निघालं. (आपल्या वात-पित्त-कफाशी याची सांगड घालायचा मोह होईल. घालू नका. तिकडे चार आहेत, इकडे तीन, आणि पित्त आणि कफ दोन्हीकडे असले तरी हिशेब वेगळा.) आपल्या कामाची गोष्ट केली ती १९व्या शतकात विल्हेल्म वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. त्याने रस बाजूला ठेवले आणि दोनच गोष्टी विचारल्या: या माणसाच्या भावनेला जोर किती, आणि ती बदलते किती लवकर? जोर जास्त आणि बदल लवकर, तो कोलेरिक. जोर कमी, बदल लवकर, तो सँग्विन. जोर कमी आणि बदल सावकाश, तो फ्लेग्मॅटिक. जोर जास्त आणि बदल सावकाश, तो मेलँकोलिक. पुढे २०व्या शतकात मानसशास्त्रज्ञ आयसेंकनेही हेच चार प्रकार आपल्या दोन अक्षांवर बसवले, पण टेबलावर मला वुंटची मांडणी जास्त उपयोगी पडते. कारण ती वेळेबद्दल बोलते, आणि खेळात वळणावळणाला प्रश्न वेळेचाच असतो: आत्ता काय करतोस?

तुमच्याच कॅम्पेनमधला एक प्रसंग घेऊ. रात्रीची वेळ, कळव्याहून होडी निघालीय. वर मिठाच्या गोण्या, खाली दारूगोळा. ठाण्याच्या काठाला चौकी आहे. पहारेकरी कंदील उचलून म्हणतो, ‘गोण्या उतरवा, बघायच्यात.’

कोलेरिक गडी हा शब्द पुरा व्हायच्या आत काठावर उतरलेला असतो. ‘कालच तर बघितल्या, रोज रोज काय बघायचंय?’ आवाज चढतो, हात कमरेला जातो. आणि पहारेकरी जरा नरमला की पाच मिनिटांत तोच त्याच्या खांद्यावर हात टाकून तंबाखू मळत बसलाय. राग खरा होता, पण तो गेलाही. सँग्विनला राग आलाच नाही. त्याने पहारेकऱ्याचं गाव विचारलं, गावात आपला मामा काढला, एक गोणी स्वतःहून पुढे केली. अडचण एकच: बोलण्याच्या भरात दारूगोळा कुठल्या गोणीखाली आहे तेच तो विसरलाय. फ्लेग्मॅटिक दोर बांधतोय. बांधायचाच होता म्हणून बांधतोय. बघायच्यात तर बघू देत. वरच्या तीन गोण्या उतरवल्या की पहारेकऱ्यालाच कंटाळा येईल हे त्याला ठाऊक आहे, आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं होतं.

आणि तुमचा मेलँकोलिक? तो काही बोलत नाही, हे तुम्ही बरोबर पकडलंत. पण त्याच्या आत सगळ्यात जास्त चाललंय. पहारेकऱ्याच्या कमरेच्या जुडग्यात किल्ल्या किती, त्यातली कुठली नवी, तो डावा पाय ओढत चालतो का, मागच्या झोपडीत दुसरा माणूस जागा आहे की घोरतोय, हे सगळं त्याने टिपलंय. होडी सुटेल, बाकीचे हसतील, विसरतील. चार सेशननंतर तोच पहारेकरी बाजारात दिसला तर तिघांपैकी कुणालाही तो आठवणार नाही. रायाजीला त्याचं नावही आठवेल आणि त्याने गोणीवर मारलेली लाथही.

‘मी मागे उभा राहून बघतो’ हे वाक्य चूक नाही, अर्धवट आहे. पुढचं अर्धं रोज तुम्हीच बोलायचं: ‘मी मागे उभा राहून बघतो, आणि त्याच्या जुडग्यात किल्ल्या किती आहेत ते मोजतो.’ आता डीएमच्या हातात काहीतरी आलं. तो तुम्हाला पर्सेप्शनचा (बारकावे टिपण्याच्या कौशल्याचा) रोल करायला, म्हणजे फासा टाकायला, सांगू शकतो. रोल लागला तर झोपडीतला दुसरा माणूस तुम्हाला दिसेल. हुकला तर तुम्ही चार किल्ल्या मोजाल आणि त्या पाच निघतील, त्याचा घोळ पुढे कधीतरी होईल. गप्प कॅरेक्टर चालतं. गप्प खेळाडूला मात्र कुठलाच डीएम काही देऊ शकत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची. स्वभाव सांगतो की माणूस पहिलं पाऊल कसं टाकतो. कुठल्या दिशेला टाकतो ते स्वभावाला माहीत नसतं. ती दिशा त्याला काय हवंय त्यावरून ठरते. तुमच्या तीन पानांचा जो भाग तुम्ही प्रश्नासोबत दिलाय, त्यात भावाला कसं नेलं, आई कशी खचली, रायाजीने मिठागर कसं सोडलं, हे सगळं झालं-गेलं आहे. रायाजीला उद्या सकाळी काय हवंय, हे कुठेच नाही. भाऊ जिवंत आहे असं त्याला वाटतं का? वाटत असेल तर त्याला किल्ल्यात शिरायचंय. वाटत नसेल तर ज्या मुकादमाने भावाला उचललं तो माणूस हवाय. ही दोन वेगळी कॅरेक्टर्स आहेत, आणि दोन्ही मेलँकोलिक. पहिला दर कैद्याला, दर गवंड्याला भाऊ दिसायला कसा ते सांगून विचारत सुटेल. दुसरा कुणालाच विचारणार नाही, नुसता मुकादमाच्या येण्याजाण्याच्या वेळा लक्षात ठेवील. डीएमला विचारून यातलं एक नक्की करा. त्याच्याकडे भावाचं उत्तर तयार असेल तर तो सांगणार नाही, पण ‘पहिलं घे’ किंवा ‘दुसरं घे’ एवढं नक्की सांगेल.

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या कॅरेक्टर शीटवर (कॅरेक्टरची माहिती भरायच्या कागदावर) यासाठी चार चौकोन आहेत: पर्सनॅलिटी ट्रेट्स (स्वभावाच्या लकबी), आयडियल्स (तत्त्वं), बॉण्ड्स (जिव्हाळ्याची नाती), फ्लॉज (उणिवा). लोक त्यात विशेषणं भरतात. ‘अबोल, विचारी, दुःखी.’ विशेषण खेळता येत नाही. तिथे असं वाक्य लिहा ज्यात रायाजी काहीतरी करतो आणि जे टेबलावर घडताना दिसेल. उदाहरणार्थ: ‘कुणी शब्द दिला की तो जसाच्या तसा लक्षात ठेवतो, आणि मोडला तर महिन्याने का होईना, चारचौघांत काढतो.’ हे मेलँकोलिकच आहे, पण आता त्याला हातपाय आहेत. तुमच्या पार्टीतल्या सँग्विन भिडूने हसत हसत ‘देतो की’ म्हटलेलं प्रत्येक वचन आता कॅम्पेनच्या कामाचं झालं. आणि डीएम जागा असेल तर अशा वागण्याला इन्स्पिरेशन देईल. म्हणजे पुढे अडीअडचणीला एखाद्या रोलला वीस पैलूंचे दोन फासे टाकून त्यातला मोठा आकडा घ्यायची सोय.

अशी वाक्यं कशी लिहायची हे शिकायचं असेल तर घरात दासबोध असेल तो काढा. मी गंमत करत नाहीये. दुसऱ्या दशकात रजोगुण, तमोगुण, सत्त्वगुण यांच्या लक्षणांचे लागोपाठ तीन समास आहेत. समर्थ तिथे रजोगुणाची व्याख्या करत बसत नाहीत. अमुक असं करतो, तमुक असं बोलतो, तो रजोगुण. ओवीमागून ओवी हेच. वागणूक आधी, नाव शेवटी. त्याच दशकाचा शेवटचा समास पढतमूर्खाचा. त्यातली कुठलीही दोन लक्षणं उचला, एक एनपीसी (डीएमने खेळवायचं दुय्यम पात्र) फुकटात तयार. माझ्या कॅम्पेनमधले निम्मे कारकून आणि सगळे ज्योतिषी तिथूनच आलेत.

तिसरी गोष्ट म्हणजे स्वभाव जिथे मोडतो ती जागा. एकच ठेवा, पण ठेवाच. नौपाड्यातल्या आमच्या टेबलावर एकाने फ्लेग्मॅटिक आचारी घेतला होता. लष्कराच्या मागे फिरणारा, कशानेच न हलणारा. लढाई चालू असताना हा डाळीला फोडणी देतोय, अशी त्याची ख्याती. शीटवर त्याने एक ओळ लिहून ठेवली होती: ‘अन्न वाया गेलेलं बघवत नाही.’ कित्येक सेशन ती ओळ तशीच पडून होती. मग पार्टीने ठरवलं की शत्रूचं लक्ष वळवायला त्यांचं धान्याचं कोठार पेटवायचं. बेत चांगला होता, सगळ्यांनी माना डोलावल्या, आचाऱ्यानेही. आग लागली, सगळे पळाले, आणि हा बाबा म्हणाला, ‘मी परत आत जातो. जितकी पोती निघतील तितकी काढतो.’ डीएम म्हणून मी त्याला तीन वेळा विचारलं, नक्की? नक्की. त्याचे हिट पॉइंट्स (जीव किती उरलाय त्याचा आकडा) जेमतेम होते. बाकीच्यांना बेत सोडून त्याच्यामागे आत जावं लागलं, शत्रूच्या दोन शिपायांनीही पोती ओढायला हात लावला (हे फाशांनी ठरवलं, मी नाही), आणि पुढचं अर्धं कॅम्पेन त्या दोन शिपायांमुळे उभं राहिलं. हा माणूस कोलेरिक असता तर त्याच्या आत जाण्याला काही किंमत नसती. कोलेरिक काय, कुठेही उडी घेतोच. एरवी ढिम्म राहणारा हलला, म्हणून टेबल हललं.

रायाजीसाठी उलट दिशेने विचार करा. सगळं सावकाश करणारा माणूस कुठे अजिबात थांबत नाही? लहान मुलावर कुणी हात उगारला की? की कुणी मिठाला ‘माती’ म्हटलं की? मला दुसरं जास्त आवडेल, कारण ते क्षुल्लक आहे, आणि मिठागरात हयात घालवलेल्या माणसालाच ते लागेल.

तुम्ही लिहिलंय की एका भिडूने तुम्हाला ‘अलाइनमेंट नीट खेळ, स्वभाव वगैरे सोड’ असं सुनावलं. अलाइनमेंट म्हणजे कॅरेक्टरचा नैतिक कल. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १९७४च्या मूळ खेळात लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (बेबंदपणा) एवढीच तीन खाती होती; पुढे चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष आला आणि नऊ घरांचा तक्ता झाला. पण अलाइनमेंट सांगते माणूस कुठल्या बाजूला उभा आहे. तिथे तो कसा उभा आहे हे त्यात नसतं. लॉफुल गुड (नियम पाळणारा, चांगला) कोलेरिक न्यायासाठी दरवाजा फोडतो, लॉफुल गुड फ्लेग्मॅटिक न्यायासाठी कचेरीत सहा महिने अर्ज करत राहतो. दोघं एकाच घरात. तसंच आकड्यांचं. करिश्मा (लोकांवर छाप पाडायच्या कुवतीचा आकडा) ८, म्हणजे कमी, आहे म्हणून रायाजी अबोल, हा हिशेब धरू नका. आकडे कुवत सांगतात, ओढ सांगत नाहीत. करिश्मा ८ असलेला सँग्विन, म्हणजे सगळ्यांशी बोलायला जाणारा आणि कुणालाच न आवडणारा, हा मी पाहिलेल्या सगळ्यात धमाल प्रकारांपैकी एक.

यात परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी आहेत, त्या सांगायला हव्यात. एका बैठकीत संपणारा खेळ असेल तर यातलं फारसं काही करायची गरज नाही. टाइप घ्या, तो ठळक करून खेळा, लोक हसतील, मजा येईल. लांब कॅम्पेनमध्ये ठळक टाइप काही आठवड्यांत शिळा होतो. टेबलावर सहा-सात जण असतील तर अबोल कॅरेक्टर मुळातच अवघड, कारण बोलायची पाळीच उशिरा येते. तिघं-चौघं असाल तर ते उलट खुलतं. डीएम निव्वळ लढाया लावणारा असेल तर स्वभाव दाखवायला जागाच मिळणार नाही, मग तो लढाईतच दाखवावा लागतो: रायाजी पहिला बाण मारत नाही, पण एकदा निशाणा धरला की ते सोडून दुसऱ्यावर मारत नाही, असा.

आणि तुमचा स्वतःचा स्वभाव. हे जरा खाजगी आहे, पण तुम्हीच लिहिलंय की तुम्ही ‘मुळात कमी बोलणारे’ आहात आणि टेबलावरचे बाकीचे जुने मित्र आहेत. अशा वेळी माणूस आपल्यासारखंच कॅरेक्टर घेतो कारण ते सोपं वाटतं, आणि मग कॅरेक्टरच्या मागे स्वतः लपतो. तुम्ही लपताय असं मी म्हणत नाही, ते तुम्हालाच माहीत. पण तसं असेल तर उपाय कॅरेक्टर बदलणं हा नाही. रायाजीला पार्टीतलं एखादं काम द्या ज्यात त्याला बोलावंच लागेल. तो वाटाड्या आहे ना? मग भरती-ओहोटीच्या वेळा त्यालाच माहीत. दर मोहिमेआधी ‘आता निघायचं की नाही’ हे त्याने सांगितल्याशिवाय होडी हलणार नाही, असं डीएमशी ठरवून टाका. एक वाक्य तर एक वाक्य, पण सगळे त्याची वाट बघतील.

सोळा प्रकारांबद्दल. मानसशास्त्रज्ञ युंगचं मानसिक प्रकारांवरचं पुस्तक १९२१चं, त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी चार-चार अक्षरांचे सोळा प्रकार बांधले, आणि १९७०च्या दशकात डेव्हिड किअर्सीने त्यांचे पुन्हा चार गट केले. म्हणजे फिरून आपण चारवरच. मानसशास्त्रात या सोळांना आज फारसा मान नाही; तिथे माणसाला खणात टाकण्याऐवजी पाच गुणांच्या पट्ट्यांवर मोजतात. अर्थात आपल्याला खऱ्या माणसाचं निदान करायचं नाही, डीएमने ‘काय करतोस?’ विचारल्यावर पाच सेकंदांत उत्तर द्यायचंय. त्या पाच सेकंदांत चार खण आठवतात, सोळा आठवत नाहीत. सोळांचा खरा उपयोग डीएमला, एकदम दहा-बारा एनपीसी वेगवेगळे करायचे असतात तेव्हा.

एक इशारा मात्र देतो. स्वभाव ही सबब होऊ देऊ नका. ‘माझं कॅरेक्टर असंच वागेल’ हे वाक्य ज्या टेबलावर वारंवार ऐकू येतं ते टेबल फार दिवस टिकत नाही. कोलेरिकवाले ते जास्त वापरतात, मारामाऱ्या लावून देतात आणि हात वर करतात. पण मेलँकोलिकवालेही वापरतात, फक्त उलट: ‘माझं कॅरेक्टर कशाला यात पडेल?’ प्रत्येक स्वभावाचा माणूस कुठल्याही प्रसंगात पडू शकतो. का पडेल ते शोधणं हे खेळाडूचं काम, कॅरेक्टरचं नाही. रायाजीला मोहिमेवर जायचं कारण सापडत नसेल तर ते तुम्ही बनवा, डीएमने येऊन समजूत काढावी म्हणून वाट बघू नका.

येत्या शनिवारआधी तीन पानं बाजूला ठेवून एका कार्डावर तीन ओळी लिहा. रायाजीला आत्ता काय हवंय. तो काय टिपून ठेवतो. आणि कुठे थांबत नाही. तिसरी ओळ फक्त डीएमला दाखवा, बाकीच्यांना नाही. त्यांना ती खेळात कळू दे. ‘माझा मेलँकोलिक आहे’ हेही टेबलावर जाहीर करू नका, लोक मग त्या नावाशीच बोलायला लागतात. डीएमला मेसेजमध्ये एवढंच सांगा की मला दर सेशनला एक बारकावा हवा जो फक्त रायाजीच्या नजरेत येईल, आणि जमलं तर ती चौकी आणि तो पहारेकरी पुन्हा आण. रेंजर घेतलाय, पर्सेप्शनमध्ये प्रावीण्य घेतलेलं असेलच. नसेल तर डीएमला आत्ताच विचारा, बहुतेक डीएम सुरुवातीला एवढी अदलाबदल करू देतात.